सीएनसी राउटरची गॅन्ट्री गुण्यात आणताना: पहिले मशीन जोडणाऱ्यांसाठी

घरी जोडलेल्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेप्रमाणे लाकूड कापणाऱ्या मशीनवर, मी पहिले खरे काम केले ते देवघराच्या दोन जाळीदार पल्ल्यांचे. दोन्ही पल्ले एकाच फाइलवरून कापलेले होते आणि पट्टीने मोजल्यावर लांबी-रुंदीत सारखेच भरत होते. परंतु एक पल्ला उलटा करून दुसऱ्यावर ठेवला आणि खालच्या कडा जुळवल्या, तेव्हा ४०० मिमी उंचीवर वरच्या कोपऱ्यात ३ मिमी फरक दिसला. तुकडा उलटला की चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी चूक दीड मिमी, सुताराच्या भाषेत जवळपास अर्धा सूत. आयत म्हणून कापलेला प्रत्येक तुकडा समांतरभुज चौकोन निघत होता, कारण मशीनची गॅन्ट्री, म्हणजे दोन रेलवरून पुढे-मागे सरकणारा आणि स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) वाहणारा आडवा पूल, त्या रेलशी काटकोनात नव्हती.

मी तेव्हा सोपा वाटणारा उपाय केला. गॅन्ट्रीच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र मोटर असल्यामुळे एका बाजूचा लिमिट स्विच (गॅन्ट्री टेकताच मोटर थांबवणारा स्विच) ३ मिमी सरकवला आणि होमिंगच्या वेळी, म्हणजे मशीन स्विचला टेकून आपली सुरुवातीची जागा शोधते तेव्हा, मोटरकडून गॅन्ट्री ओढून सरळ करून घेतली. तुकडे काटकोनात निघू लागले, पण मशीन बंद केले की गॅन्ट्री ‘टक्’ असा आवाज करून परत तिरकी होई, आणि महिन्याभरात रेलवरून सरकणारे उजव्या बाजूचे बेअरिंग ब्लॉक हाताला जड लागू लागले. अखेर सगळे सोडवून पुन्हा जोडावे लागले. तेवढा वेळ तुमचा वाचावा यासाठी हा लेख लिहिला आहे. त्याचा गाभा असा की गॅन्ट्री मोटरने ओढून काटकोनात आणायची नसते. कोणीही ओढत नसताना, बोल्टच्या जोरावरच ती काटकोनात बसली पाहिजे, आणि स्विचचे काम तीच बैठक दररोज पुन्हा मिळवून देणे एवढेच आहे.

येथील आकडे माझ्या मशीनचे आहेत: १६ मिमी व्यासाचे आणि ५ मिमी पिचचे दोन बॉल स्क्रू (मोटरने फिरणारे आटेदार दांडे; त्यांच्या एका फेऱ्यात वरचा बॉल नट ५ मिमी सरकतो आणि गॅन्ट्रीला नेतो), २० मिमीच्या लिनिअर रेल, आणि वाय दिशेच्या, म्हणजे गॅन्ट्री पुढे-मागे सरकते त्या दिशेच्या, दोन स्क्रूंमधील अंतर ८०० मिमी. पट्ट्यावर चालणारे आणि चाकांवर फिरणारे मशीन असेल तर काही ठिकाणी फरक पडतो. तो त्या त्या जागी सांगितला आहे.

लागणारी साधने

- ३०० किंवा ४०० मिमीचा स्टीलचा गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार)
- चुंबकी स्टँडसह ०.०१ मिमीचा डायल इंडिकेटर (बारीक हालचाल सुईने दाखवणारे माप)
- व्हर्निअर कॅलिपर आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या)
- चांगल्या पोलादाच्या ॲलन की (स्वस्त कीची टोके गोल होऊन बोल्टचे डोके खराब करतात)
- बारीक नायलॉनचा दोरा, पितळी शिमच्या पट्ट्या, लाकडी किंवा रबरी हातोडी
- ६० अंशांचा व्ही-बिट (टोकदार कटर) आणि टाकाऊ एमडीएफचा एक सपाट तुकडा
- सुमारे ११०० मिमी लांबीची सरळ, न वाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी आणि दोन टोकदार स्क्रू

डायल इंडिकेटर महाग वाटला तरी टाळू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात किंवा कोणत्याही औद्योगिक शहरातल्या टूल्सच्या दुकानात तो सहज मिळतो, आणि पुढे स्पिंडल लंबात आणतानाही त्याच्यावाचून अडते.

१. आधी गुण्या तपासा

एमडीएफच्या सरळ कडेला गुण्या टेकवून धारदार सुईने रेघ ओढा. मग गुण्या उलटून त्याच कडेला, त्याच बिंदूशी टेकवा आणि दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. त्या वरच्या टोकाला फाकल्या, तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. सुतारकामाचे नवे गुण्येही या परीक्षेत नापास होताना मी पाहिले आहेत, त्यामुळे नवा आहे म्हणून तपासणी सोडू नका.

२. फ्रेमचा पीळ काढा

फ्रेम पिळलेली असेल तर गॅन्ट्री पुढच्या टोकाला काटकोनात आणि मागच्या टोकाला तिरकी दिसते, आणि मग कितीही बोल्ट फिरवले तरी मेळ बसत नाही. दोन्ही वाय रेलच्या चारही टोकांवर सारख्या जाडीचे ठोकळे ठेवा आणि त्यांवरून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणून बांधा. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम स्पर्श करायला हवेत. नंतर खालचा दोरा वर आणि वरचा खाली घेऊन पुन्हा पाहा, कारण एका मांडणीत अंतर नसले तरी दोरे एकमेकांना दाबत असू शकतात. मध्यावर फट दिसली तर तिच्या साधारण दुप्पट जाडीचे पॅकिंग खाली बसलेल्या कोपऱ्याच्या पायाखाली द्या. ज्या टेबलावर मशीन कायम राहणार आहे त्याच टेबलावर हे करा. मशीन उचलून दुसरीकडे ठेवले की फ्रेम नव्या पृष्ठभागाप्रमाणे पुन्हा पिळते.

३. दोन्ही रेल समांतर करा

डावी रेल मुख्य धरा. सरळ पट्टीला टेकवून ती आधी पूर्ण घट्ट करा आणि पुन्हा तिला हात लावू नका. उजव्या रेलचे बोल्ट सैल ठेवून दोन रेलमधील अंतर एका काठीने जुळवा: काठीच्या टोकाला एक स्क्रू बसवा आणि रेलच्या पुढच्या टोकाला तो तिला जेमतेम घासेल इतका बाहेर काढा, मग तीच काठी मध्ये आणि मागे लावून पाहा. टेपने मोजण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची आहे, कारण आपल्याला अंतर किती आहे हे जाणून घ्यायचे नसून ते सर्वत्र एकच आहे की नाही एवढेच पाहायचे आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे एकेक बोल्ट घट्ट करत जा आणि प्रत्येक बोल्टनंतर काठी फिरवून बघा.

४. गॅन्ट्री मोकळी करून काटकोनात बसवा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे. त्याला एक संध्याकाळ पूर्ण द्या.

वीज बंद करा. दोन्ही बॉल नटचे ब्रॅकेट गॅन्ट्रीपासून सोडवा, म्हणजे स्क्रू तिला कोणत्याच जागी धरून ठेवणार नाहीत. (पट्ट्याच्या मशीनवर दोन्ही वाय पट्टे सोडवा. मोटर जोडलेल्या असताना गॅन्ट्री हाताने जोरात ढकलू नका. फिरणारी मोटर वीज निर्माण करते आणि ती ड्रायव्हरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटला, इजा करू शकते.) गॅन्ट्री दोन्ही हातांनी हलवून पाहा. पुढून मागेपर्यंत ती सारख्याच जोराने सरकली तर मागचे दोन टप्पे नीट झाले आहेत. कुठे अडकत असेल तर पुढे न जाता मागे या.

आता गुण्या बेडवर ठेवा आणि डायल इंडिकेटर स्पिंडलच्या जागी पक्का बसवा. डायलचे टोक गुण्याच्या एका बाहूला टेकवून गॅन्ट्री वाय दिशेला सरकवा आणि सुई स्थिर राहीपर्यंत गुण्याला हळूहळू टिचक्या देत वळवा. सुई स्थिर राहिली की तो बाहू रेलशी समांतर झाला. गुण्या तिथेच क्लॅम्पने दाबा. नंतर डायलचे टोक दुसऱ्या बाहूला लावून फक्त एक्स दिशेची, म्हणजे गॅन्ट्रीवरून डावी-उजवीकडे सरकणारी, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. सुई जेवढी फिरेल तेवढा तिरकेपणा. ३०० मिमीच्या बाहूवर सुई ०.३ मिमी फिरली तर ८०० मिमी अंतरावर गॅन्ट्रीची दोन टोके ०.८ मिमीने मागेपुढे आहेत. या पद्धतीचा मोठा फायदा असा की येथे गॅन्ट्रीच्या ॲल्युमिनियम सेक्शनची कड न मोजता स्पिंडलचा प्रत्यक्ष प्रवास मोजला जातो. अनेक जण गुण्या थेट सेक्शनला टेकवतात, पण एक्स रेल सेक्शनवर किंचित तिरकी बसलेली असू शकते आणि कटर तर रेलप्रमाणे चालतो.

तिरकेपणा काढण्यासाठी गॅन्ट्रीच्या बाजूच्या प्लेटी ज्या बोल्टने बेअरिंग ब्लॉकवर बसतात ते दोन्ही बाजूंचे बोल्ट अर्धा वळसा सैल करा. बोल्ट आणि भोक यांच्यात जो थोडा खेळ असतो तोच येथे कामाला येतो. एम५ बोल्टसाठी ५.५ मिमीचे भोक असेल तर प्रत्येक बाजूला पाव मिमी जागा मिळते, आणि एका प्लेटखालचे दोन ब्लॉक १२० मिमी अंतरावर असतील तर एवढ्याशा खेळातून ८०० मिमी रुंदीवर सुमारे ३ मिमीची दुरुस्ती होते. तेवढीही पुरत नसेल, तर प्लेट किंवा आडवा सेक्शन चुकीचा कापला गेला आहे असे समजा. सेक्शनचे टोक काटकोनात फेस, म्हणजे सपाट, करून घेणे हाच त्यावर उपाय आहे. भोके कानसून मोठी करण्याच्या फंदात पडू नका.

मागे राहिलेल्या टोकाला हातोडीने अगदी हलके ठोके द्या, डायल पुन्हा फिरवा, आणि ३०० मिमीवर सुई ०.०५ मिमीच्या आत येईपर्यंत हे करत राहा. चाकांच्या मशीनवर हेच काम चाकांच्या विकेंद्री नटने होते. तेथे नट एकदम घट्ट न करता, चाक बोटाने धरल्यावर जेमतेम घसरेल इतकाच ताण ठेवा.

५. घट्ट करण्याचा क्रम

नीट जुळलेली गॅन्ट्री बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, कारण बोल्ट आवळताना त्याचे डोके प्लेटलाही स्वतःबरोबर थोडे फिरवते. म्हणून प्रत्येक बोल्टखाली सपाट वॉशर घाला, आधी सर्व बोल्ट नुसते टेकवा, मग डावीकडचा एक, उजवीकडचा तिरका समोरचा एक, अशा क्रमाने तीन फेऱ्यांत घट्ट करा आणि प्रत्येक फेरीनंतर डायल बघा. शेवटच्या फेरीत सुई सरकली तर पुन्हा सैल करून मनाला पटेपर्यंत जुळवा.

त्यानंतरच बॉल नटचे ब्रॅकेट जोडा. गॅन्ट्री स्क्रूच्या स्थिर बेअरिंगच्या टोकाला, म्हणजे सहसा मोटरच्या बाजूला, आणून ब्रॅकेट घट्ट करा. दोन्ही स्क्रू हाताने फिरवून भोके समोरासमोर आणा. बोल्ट आत जावा म्हणून गॅन्ट्री दाबावी लागत असेल तर तुम्ही तिरकेपणा पुन्हा आत कोंडत आहात.

६. कपलर घट्ट करण्यापूर्वी मोटरची दिशा

दोन्ही वाय मोटरचे कपलर (मोटर आणि स्क्रू यांना जोडणारे तुकडे) सैल ठेवूनच पहिल्यांदा वीज द्या आणि वाय अक्ष १० मिमी चालवा. दोन्ही स्क्रू गॅन्ट्रीला एकाच दिशेला नेतील अशा रीतीने मोटर फिरत आहेत ना, ते डोळ्यांनी पाहा. एक मोटर उलटी फिरत असेल आणि कपलर घट्ट असतील, तर तुमची संध्याकाळभराची मेहनत एका सेकंदात पिळवटून निघते. दिशा बदलण्यासाठी त्या मोटरच्या एका कॉइलच्या दोन तारा आपापसांत बदला. मात्र वीज चालू असताना मोटरची जोडणी कधीही काढू नका. त्याने ड्रायव्हर जळतो.

७. चार खुणा, दोन कर्ण

डायलने केलेली जुळणी गुण्याच्या लांबीपुरतीच असते. पूर्ण बेडवरची परीक्षा कर्णांनी होते. एमडीएफ बेडवर पक्का लावा, व्ही-बिट बसवा, आणि ६०० × ८०० मिमी आयताच्या चार कोपऱ्यांवर २ मिमी खोल टोचे मारा. प्रत्येक बिंदूकडे डावीकडून आणि पुढून, म्हणजे एकाच बाजूने, पोहोचा. नाहीतर स्क्रूमधला खेळ मापात मिसळतो.

ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या एका टोकाला टोकदार स्क्रू पक्का बसवा. दुसरा स्क्रू असा बसवा की पहिला एका खुणेत टेकला असता दुसरा समोरच्या कोपऱ्यातील खुणेत नेमका उतरेल. मग हीच पट्टी दुसऱ्या कर्णावर ठेवा. टोक खुणेच्या मध्यापासून जेवढे अलीकडे किंवा पलीकडे पडेल, तेवढा दोन कर्णांतला फरक. तो व्हर्निअरने मोजा. टेपने कर्ण मोजणे टाळा, कारण त्याच्या टोकाच्या हलत्या आकडीतच अर्धा मिमी जातो.

नवशिक्यांचा एक गोंधळ येथे नेहमी होतो. ६००, ८०० आणि १००० हा ३-४-५ चा त्रिकोण आहे, म्हणून कर्ण नेमका १००० मिमी भरला पाहिजे असे वाटते. परंतु दर मिमीला मोटरने किती स्टेप (छोटे टप्पे) फिरायचे हे गणित किंचित चुकले असेल तर गॅन्ट्री काटकोनात असूनही कर्ण १००० भरणार नाही. दोन्ही कर्ण एकमेकांशी समान आहेत का, एवढेच पाहा. स्टेपची चूक असली तरी काटकोन असेल तर ते समानच येतात.

८. फरकाचा हिशेब

सूत्र असे आहे: दुरुस्ती = कर्णांतील फरक × कर्ण × दोन वाय मोटरमधील अंतर ÷ (२ × आयताची रुंदी × आयताची लांबी).

समजा फरक १.२ मिमी आला. मग १.२ × १००० × ८०० ÷ (२ × ६०० × ८००) = १ मिमी. म्हणजे गॅन्ट्रीचे एक टोक १ मिमी मागे किंवा पुढे आहे. कोणते, हे कर्णच सांगतो. पुढच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारा कर्ण लांब असेल तर गॅन्ट्रीचे उजवे टोक मागच्या बाजूला गेलेले आहे. दुसरा कर्ण लांब असेल तर डावे टोक.

एवढी, म्हणजे १ मिमीच्या आसपासची, चूक दिसली तर चौथ्या टप्प्यावर परत जा. ०.२-०.३ मिमीची उरलेली चूक तेवढी पुढच्या टप्प्यात स्विचने काढायला हरकत नाही. लाकूडकामासाठी १००० मिमीच्या कर्णात ०.२ मिमीचा फरक मी स्वीकारतो. त्यातून ६०० मिमी रुंदीवर सुमारे ०.१२ मिमीची चूक राहते.

९. स्विच आणि सेटिंग

प्रत्येक वाय मोटरला स्वतःचा स्विच आणि कंट्रोलरवर स्वतःचा इनपुट असेल, तर होमिंगच्या वेळी प्रत्येक बाजू आपापल्या स्विचवर थांबते आणि गॅन्ट्री दररोज त्याच बैठकीत येते. जे टोक मागे गेले आहे त्याचा फ्रेमवरील स्विच तेवढ्याच अंतराने पुढे घ्या; होम पुढे असो वा मागे, नियम तोच राहतो. स्विच हलवण्याऐवजी सॉफ्टवेअरमध्येही दुरुस्ती देता येते. मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी जीआरबीएल-हालमध्ये वायसाठी $१७१ हे सेटिंग आहे, फ्लुइडएनसीमध्ये प्रत्येक मोटरला स्विचपासून मागे सरकण्याचे अंतर वेगळे देता येते, आणि लिनक्ससीएनसीमध्ये प्रत्येक बाजूचा होम ऑफसेट वेगळा असतो. चिन्ह अधिक की उणे याचा तर्क करत बसू नका: ०.२ मिमी देऊन होमिंग करा, डायल कोणत्या बाजूला फिरतो ते पाहा आणि मग खरा आकडा भरा.

आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर बसणारे साधे सीएनसी शील्ड असेल, आणि त्यावर दुसरी मोटर जंपरने पहिलीची नक्कल करत असेल, तर दोन बाजू वेगळ्या थांबत नाहीत. तेथे फ्रेमच्या पुढच्या बाजूला दोन ॲडजस्ट करता येणारे बोल्ट थांबे म्हणून लावा, वीज बंद असताना गॅन्ट्री दोन्ही थांब्यांना टेकवा आणि मग वीज द्या. वीज येताच मोटर जवळच्या विद्युत स्थितीवर उडी घेते. ५ मिमी पिचच्या स्क्रूवर ही उडी जास्तीत जास्त ०.०५ मिमी असते, पण २० दात्यांच्या पुलीवरील जीटी२ पट्ट्यावर ती ०.४ मिमीपर्यंत जाऊ शकते, म्हणून पट्ट्याच्या मशीनवर हे करून झाल्यावर एकदा कर्ण तपासाच. काम चालू असेपर्यंत मोटरची वीज तुटू नये यासाठी जीआरबीएल सॉफ्टवेअरमधील $१ या सेटिंगचे मूल्य २५५ ठेवा.

होमिंग लागोपाठ पाच वेळा करा आणि दर वेळी गॅन्ट्रीच्या दोन्ही टोकांना डायल लावून आकडा लिहून ठेवा. आकडे ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलत असतील तर स्विचची पकड किंवा होमिंगचा वेग तपासा.

१०. सैल परीक्षा

होमिंगनंतर उजव्या टोकाला डायल टेकवा, वीज बंद करा आणि उजव्या बॉल नटच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करा. गॅन्ट्री आपल्या मूळ बैठकीत असेल तर सुई ०.१ मिमीच्या आत राहते. माझ्या पहिल्या जोडणीत सुईने जवळजवळ दोन पूर्ण फेऱ्या घेतल्या होत्या, म्हणजे सुमारे २ मिमीचा ताण तो स्क्रू आणि ते ब्लॉक रात्रंदिवस सोसत होते. ही परीक्षा पार झाल्यावरच स्पिंडल लंबात आणा, आणि त्यानंतर स्पॉइलबोर्ड (बेडवरचा, कटर लागला तरी चालणारा फळा) सपाट करा. हा क्रम उलटा केल्यास दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात.

बोल्ट शेवटचे घट्ट झाले की प्रत्येकाच्या डोक्यावरून प्लेटवर येईल अशी रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट हलला आहे. कर्णांतील फरक, स्विचचे सेटिंग आणि तारीख फ्रेमच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यातील कामानंतर एकदा, आणि मशीन जागेवरून हलवले तर प्रत्येक वेळी, सातवा टप्पा पुन्हा करून नवा आकडा जुन्याच्या खाली लिहा.